घरातल्या पायरीपासून सिंहगडाच्या पुणे दरवाजापर्यंत: नवशिक्यांसाठी बारा आठवडे

सिंहगडाच्या पहिल्या भेटीत मी गडावर पोहोचलेच नाही. ऑफिसची सहल होती, मे महिना होता आणि गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून पाऊल उचलायलाच साडेनऊ वाजले होते. माझं वय तेव्हा ४३, दिवसातले नऊ तास खुर्चीत. आधीच्या आठवड्यात नवे बूट घेतले, टोपी घेतली आणि तयारी झाली असं धरून चालले. तासाभरात उजव्या पोटरीत गोळा आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. वाटेवर ताक विकणाऱ्या एका आजींनी मला सावलीत बसवलं, मीठ घातलेलं ताक दोन पेले पाजलं आणि म्हणाल्या, "घाई नका करू बाई, गड कुठं जातोय!" मी तिथूनच मागे फिरले.

त्याच वर्षी डिसेंबरात मी पुणे दरवाजातून आत गेले. मधल्या महिन्यांत जिम लावली नव्हती की महागडं सामान आणलं नव्हतं. एकच गोष्ट बदलली होती. डोंगराची तयारी घरात, रोज वीस-पंचवीस मिनिटं करायची असते, हे कळलं होतं. बहुतेक जण घरचा व्यायाम आणि बाहेरची भटकंती अशी दोन खाती वेगळी ठेवतात. घरचा व्यायाम कंटाळवाणा होतो, कारण तो कशासाठी करायचा ते समोर दिसत नाही. आणि रविवारची भटकंती अंगावर येते, कारण तिच्यामागे आठवडाभराचं काहीच नसतं. ही दोन्ही एकमेकांना बांधली की दोन्ही टिकतात. खालचे बारा आठवडे त्याच हिशेबाने मांडले आहेत. पुण्याची असल्यामुळे मी सिंहगड धरला आहे, तुम्ही तुमच्या जवळचा डोंगर धरा.

आधी स्वतःची मोजणी

पायऱ्या चढताना छातीत दुखत असेल, दडपण येत असेल, चक्कर येत असेल तर काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर तेच. चाळिशी ओलांडली असेल आणि गेली काही वर्षं बैठं काम असेल तर काही त्रास नसतानाही एकदा तपासून घेतलेलं बरं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा: जास्त चालण्याच्या दिवशी औषधाच्या आणि खाण्याच्या वेळा कशा ठेवायच्या? भरपूर चालल्यावर रक्तातली साखर एकदम उतरू शकते, म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज हवंच.

मग एक साधी वही घ्या आणि तीन आकडे लिहा. तीन मजले न थांबता चढल्यावर सलग दोन वाक्यं बोलता येतात का? हात न टेकता खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठून बसता येतं? आणि एका पायावर, काही न धरता, किती सेकंद उभं राहता येतं? हेच तीन आकडे चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा लिहायचे. वजनकाटा मी मुद्दाम बाजूला ठेवायला सांगते. पहिल्या महिन्यात काटा बहुधा हलत नाही आणि तेवढ्यावरून माणसं सोडून देतात. जिना मात्र दोन-तीन आठवड्यांत हलका वाटायला लागतो.

किती दम लागला पाहिजे, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी मनगटावर घड्याळ नसलं तरी चालतं. चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम दम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराच्या दमाची हालचाल हवी, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. ६५ च्या पुढच्यांसाठी तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस. आपण घरात पाच दिवस वीस-वीस मिनिटं आणि रविवारी दीड तास टेकडी धरली तर १९० मिनिटं झाली. म्हणजे हा आकडा आवाक्यातला आहे.

आठवडा १ ते ४: घरात

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका हाच लोक गाळतात.

सूर्यनमस्कारापासून सुरुवात करा. आपल्याकडे तो शाळेत शिकवलेला असतो, त्यामुळे शरीराला थोडाफार आठवतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो आपल्या संस्थानातल्या शाळांत नेला आणि त्याचा हिरिरीने प्रचार केला. रथसप्तमीला तो सामुदायिक घालण्याची पद्धत आजही अनेक शाळांत आहे. डोंगर चढणाऱ्याला तो का उपयोगी, ते सांगते. पुढे वाकताना मांडीची मागची बाजू आणि पोटऱ्या ताणल्या जातात, पाय मागे नेताना कंबरेचा सांधा मोकळा होतो, जमिनीकडे जाताना खांदे आणि दंड भार पेलतात. मोठ्या पायरीवर पाय टाकायला नेमकं हेच लागतं.

पहिल्या आठवड्यात रोज तीनच घाला, अगदी हळू. एका नमस्काराला साधारण एक मिनिट लागू द्या. पुढच्या प्रत्येक आठवड्यात एकेक वाढवा, दहाव्या आठवड्यात बारापर्यंत आलात तर पुष्कळ झालं. दोन चुका सर्रास दिसतात. खाली वाकताना गुडघे ताठ ठेवण्याच्या हट्टात पाठीला गोलाई येते. त्यापेक्षा गुडघे थोडे वाकवा आणि पाठ सरळ ठेवा. दुसरी चूक भुजंगासनात: हातांच्या जोरावर छाती ढकलली की सगळा ताण कंबरेत येतो. नाभी जमिनीला टेकलेली ठेवली की तो येत नाही. मनगट दुखत असेल तर मूठ वळून घाला. जमिनीवर जाणंच अवघड असेल तर ओट्याला किंवा पलंगाला हात टेकवून घाला. तेही सूर्यनमस्कारच.

सूर्यनमस्कारानंतर पायांची चार कामं.

उठबस. खुर्चीवर बसायचं, हात छातीवर ठेवायचे, उठायचं आणि हळूहळू बसायचं. धप्पकन बसायचं नाही. दहा वेळा, मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा दहा. दोन आठवड्यांनी खुर्ची काढून घ्या आणि अर्ध्या बैठका मारा. पूर्ण बैठका तालमीतल्या लोकांना शोभतात, पण तुमचे गुडघे तयार नसतील तर घाई करू नका.

टाचा उचलणं. ओट्याला हात लावून चवड्यांवर उभं राहायचं आणि तीन आकडे मोजत टाचा खाली आणायच्या. पंधरा वेळा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हे होऊन जातं.

एका पायावर उभं राहणं. दात घासताना अर्धा वेळ डाव्या पायावर, अर्धा उजव्या. माझ्या सासूबाई ६८ व्या वर्षी हे करायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांना चार सेकंद जमलं, भिंतीला बोट लावून. दोन महिन्यांनी त्या बोट न लावता वीस सेकंद उभ्या राहायच्या. आता बसमधून उतरताना कुणाचा हात मागत नाहीत.

चौथं काम पायरीवरून उतरणं, आणि त्यावर जरा थांबते, कारण नवशिक्यांचे हाल चढताना कमी आणि उतरताना जास्त होतात. जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर उभं राहा, कठड्याला हात लावा. उजवा पाय हवेत पुढे घ्या आणि डाव्या गुडघ्यात वाकत, तीन आकडे मोजत, उजवी टाच जमिनीला नुसती लावा. भार टाकायचा नाही. पुन्हा वर. आठ वेळा एका पायाने, आठ वेळा दुसऱ्याने. गुडघा आत वळू द्यायचा नाही, तो पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे.

याचं कारण समजून घ्या. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि शरीर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी शरीर पडू नये म्हणून भारही पेलत असतो. या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की जिना उतरवत नाही. पण हीच गोष्ट स्नायूला आधी थोड्या मात्रेत दिली तर तो शिकतो आणि पुढच्या वेळी त्याला फार कमी दुखापत होते. जिन्यावरच्या या सोळा छोट्या उतरणी म्हणजे सिंहगडाच्या उताराची लहान लहान मात्रा आहे.

इमारतीला लिफ्ट असेल तर पहिले दोन आठवडे जिन्याने चढा आणि लिफ्टने उतरा. तिसऱ्या आठवड्यापासून उतराही. आतकरवाडीपासून गडापर्यंत साधारण ६०० मीटरची चढाई आहे. एक मजला तीन मीटरचा धरला तर २०० मजले झाले. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. रोज दहा मजले चढलात तर आठवड्यात पाच दिवसांत ५० होतात, म्हणजे महिन्याभरात तुम्ही घरच्या जिन्यावर एक सिंहगड चढलेला असता.

दोरीवरच्या उड्या पहिल्या महिन्यात नकोत, वजन जास्त असेल तर अजिबातच नकोत. पाचव्या आठवड्यापासून हव्या तर वीस-वीस उड्यांचे तीन-चार फेरे मारा, पायात बूट घालून.

पावसाचे दिवस

पावसाळ्यात टेकडी निसरडी असते, घरात कपडे वाळत नाहीत आणि आठ दिवसांत सगळं बंद पडतं. त्यावरचा सगळ्यांत आनंदाचा उपाय आपल्याच घरांत आहे, तो म्हणजे मंगळागौरीचे खेळ. ज्यांनी सलग तासभर झिम्मा, पिंगा, फुगडी, बसफुगडी, कोंबडा खेळून पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. घाम तर निथळतोच, शिवाय बसफुगडीने मांड्यांची जी तयारी होते ती कोणत्याही यंत्रावर होणार नाही. आमच्या सोसायटीतल्या आम्ही दहा-बारा जणी श्रावणाच्या आधी महिनाभर, आठवड्यातून दोनदा, हॉलमध्ये सराव करतो. गुडघे नाजूक असलेल्यांनी बसून करायचे प्रकार सोडून झिम्मा आणि पिंगा धरावा. फुगडी आपल्याच वजनाच्या जोडीदारणीबरोबर घ्यावी, पाय जवळ, अंग मागे, आणि थांबताना एकदम हात सोडायचे नाहीत. पुरुषमंडळींना आणि मुलांना बॅडमिंटन किंवा टेबल टेनिसचा हॉल जवळ असेल तर उत्तमच.

कॅरमला मी व्यायामाच्या मिनिटांत धरत नाही. पण रोज रात्री अर्धा तास चौघं एका बोर्डाभोवती बसली, फोन दुसऱ्या खोलीत राहिले, तर झोप लवकर लागते आणि सकाळी उठवतं. पहाटेची टेकडी रात्री दहाला झोपण्यावर अवलंबून असते, म्हणून कॅरमला या लेखात जागा आहे.

आठवडा ५ ते ८: टेकडी

आता रविवार बाहेर काढायचा. पुण्यात असाल तर आधी पर्वती. शंभराहून थोड्या जास्त, रुंद आणि सोयीच्या पायऱ्या. पहिल्या रविवारी एकदा, पुढच्या रविवारी दोन-तीनदा. त्यानंतर हनुमान टेकडी किंवा तळजाई, आणि आठव्या आठवड्यात वेताळ टेकडी. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी आहे आणि तिथल्या मुरमाड वाटा पायांना खऱ्या डोंगराची ओळख करून देतात.

मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीपर्यंतचा रस्ता आहे, ठाणेकरांना येऊर. साताऱ्याचा अजिंक्यतारा तर गावाच्या डोक्यावरच उभा आहे. नाशकात पांडवलेणीच्या पायऱ्या, कोल्हापुरात आधी रंकाळ्याच्या फेऱ्या आणि मग जोतिबा. नागपूरला अंबाझरी आणि सेमिनरी हिल्स. पणजीत मिरामारच्या मऊ वाळूत अनवाणी चालून बघा, पोटऱ्यांना टेकडीइतकंच काम पडतं. सोलापूर-लातूरकडे, किंवा दुबईसारख्या सपाट शहरात असाल तर उंच इमारतीचा जिना हाच तुमचा डोंगर.

चढण्याची रीत इथेच शिकून घ्या. पावलं लहान टाका. चढ वाढला की पाऊल आणखी लहान करा, वेग तोच ठेवा. शक्य तिथे पूर्ण तळवा टेकवा, नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटऱ्या लवकर पेटतात. मोठी पायरी आली की आजूबाजूला लहान दगड शोधा आणि एकाच्या जागी दोन पावलं टाका. दम लागला की उभ्यानेच, काठीवर किंवा गुडघ्यांवर हात ठेवून, मिनिटभर थांबा. दर दहा मिनिटांनी बैठक मारली की अंग थंड पडतं आणि पुन्हा उठवत नाही. सुरुवातीची पंधरा मिनिटं मुद्दाम सावकाश चाला. दमेकरी माणसाला ही पंधरा मिनिटं जपली तर पुढचा तास सोपा जातो.

सोबत कुणी पटापट चालणारं असेल तर त्याच्या पायांकडे बघून चालू नका. गटात सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायची डोंगरातली जुनी पद्धत आहे आणि ती फार चांगली आहे.

आठवडा ९ ते ११: पाठीवर पिशवी

घरचा व्यायाम चालूच. टेकडीवर आता पाठपिशवी घ्या. पहिल्या रविवारी दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. पुढच्या रविवारी चार किलो. पिशवीचा पट्टा छातीपाशी आणि कंबरेपाशी बांधता येत असेल तर बांधा, नाही तर उतरताना ती डुलते आणि तोल जातो. अकराव्या आठवड्यात एकदा सलग अडीच तास टेकडीवर राहून बघा. बाराव्या आठवड्यात, गडाच्या आधी, तीन दिवस नुसतं चालणं आणि सूर्यनमस्कार, बाकी विश्रांती.

एखादा आठवडा आजारपणात, परीक्षेत, पाहुण्यांत गेला तर पुढच्या आठवड्याचं काम करायला धावू नका. सुटलेला आठवडाच पुन्हा करा. बाराचे पंधरा होतील.

सामानाचं थोडक्यात. बुटांचा तळ खाचांचा आणि पकड घेणारा हवा. गुळगुळीत तळाचे धावायचे बूट मुरमावर घसरतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, नाही तर उतरताना नखं काळी पडतात. जुने डोंगरभटके साध्या हंटर बुटांवर सह्याद्री फिरले, तेव्हा महाग घेण्याची सक्ती नाही. पण घ्याल ते तीन आठवडे टेकडीवर घालून मगच गडावर न्या. बांबूची काठी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, विजेरी, शिट्टी, चिकटपट्टी आणि क्रेप बँडेज. माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळा असेल तर तीन. जलसंजीवनीची पुडी नसेल तर घरी करा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. खायला चणे-गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, दशमी किंवा धपाटे.

बारावा रविवार: गड

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. स्वारगेटहून पीएमपीची बस गडाच्या पायथ्यापर्यंत जाते, पहिल्या बसची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. घरच्या एका माणसाला कुठून जाणार, किती वाजता परतणार हे सांगून निघा. उजाडताना पायथ्याशी असलं म्हणजे चढाई उन्हाआधी उरकते.

तुमच्यापुढून रोज चढणारे लोक पाऊण तासात वर जाताना दिसतील. नवशिक्याने दीड ते दोन तास धरावेत. मधल्या टप्प्यांवर ताक, सरबत मिळतं. दर वीस मिनिटांनी चार घोट पाणी, तहान लागायची वाट न बघता. तासाभराने काहीतरी खारट खा. पोटरीत गोळा आला तर थांबा, पाय सरळ करून बोटं आपल्याकडे ओढा, मीठ-साखरेचं पाणी घ्या.

माघारीचा नियम घरीच ठरवून ठेवा. निघाल्यापासून अडीच तासांत पुणे दरवाजा आला नाही तर जिथे असाल तिथून परत फिरायचं. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणं, चक्कर, ऊन असून अंगावर काटा येणं, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबा, सावलीत बसा आणि मदत मागा. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर सगळ्या प्रकारची तातडीची मदत मिळते.

मळलेली वाट सोडू नका. बाजूला फुटलेल्या वाटा पुष्कळदा ढोरवाटा असतात, त्या माणसाला झुडपात नेऊन सोडतात. कपारीत न बघता हात घालू नका. साप दिसला तर थांबून त्याला जाऊ द्या. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळणं यांतलं काही करू नका. माणसाला शांत ठेवा, हात-पाय हलू देऊ नका आणि थेट रुग्णालयात न्या. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर करू नका, उग्र अत्तर लावून येऊ नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर हात झटकत उभं राहू नका, तोंड-डोकं झाकून तिथून लांब जा.

वर पोहोचल्यावर आधी ओला सदरा बदला. तानाजी मालुसऱ्यांची समाधी बघा. तो कडा वरून बघा आणि १६७० च्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री दोर लावून अंधारात चढलेली माणसं आठवा. स्वतःच्या पायांनी वर आल्यावर ती गोष्ट वेगळीच कळते. मग पिठलं, भाकरी, कांदा, मडक्यातलं दही. चुलीवरची भाकरी सोडा असं मी कधीच सांगणार नाही. फक्त भरल्या पोटी लगेच उतरायला लागू नका, अर्धा तास जाऊ द्या. आपला कचरा आपल्या पिशवीतून खाली आणा.

उतार

उतरायला लागण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधा. गुडघे ताठ ठेवू नका, किंचित वाकलेले राहू द्या, म्हणजे दणका हाडांऐवजी स्नायू घेतात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, भीतीने अंग मागे टाकलं की पाय पुढे सटकतो, म्हणून भार पावलाच्या बरोबर वर ठेवा. तीव्र उतारावर सरळ न उतरता नागमोडी उतरा. काठी आधी खाली टेका, मग पाऊल टाका. पळत उतरणारी मुलं बाजूने जातील, त्यांना वाट द्या. फार निसरडं असेल तिथे डोंगराकडे तोंड करून, हातांचा आधार घेऊन उतरा. दर वीस मिनिटांनी थांबून मांड्या हाताने चोळा. पाय थरथरायला लागणं म्हणजे स्नायू थकल्याची खूण, आणि घोटे मुरगळतात ते बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात, गाव दिसायला लागल्यावर. तिथे बोलणं थांबवा आणि वाटेकडे बघा.

नंतरचे दिवस

त्याच संध्याकाळी दहा मिनिटं सपाटीवर चाला, कोमट पाण्याने अंघोळ करा, जेवणात डाळ, उसळ, अंडं किंवा मासळी असू द्या. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त दुखतात आणि चार-पाच दिवसांत मोकळ्या होतात. दोन्ही पाय सारखेच, पसरल्यासारखे दुखत असतील तर काळजी नको. हलकं चालत राहा. एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखणं, गुडघ्याला सूज, पाय टेकवत नाही अशी स्थिती, किंवा लघवी गडद तपकिरी होणं, यांसाठी डॉक्टरांकडे जा.

पुढच्या रविवारी टेकडी, त्याच्या पुढच्याही रविवारी टेकडी. महिन्यातून एकदाच गड. दुसरा गड म्हणून मी लोहगड सुचवीन. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी तो एक. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून लेणी बघत चढायचं. शेवटच्या टप्प्याला बांधीव पायऱ्या आहेत आणि एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. पावसात या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हणून पहिली भेट दिवाळीनंतर ठेवा. वर गेलात की विंचूकाट्याच्या लांबट माचीकडे उतरण्याआधी पाय किती शिल्लक आहेत ते तपासा. तिकडे जितकं उतराल तितकं परत येताना चढायचं आहे.